‘कूळ’ शब्दाचे दोन अर्थ आणि आंजी (मोठी) येथील शेतकरी घराण्यांचा पूर्ववृत्तान्त

मराठीत ‘कूळ’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. घरात कूळ म्हणजे वंश. महसुली दप्तरात कूळ म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची जमीन कसून खंड भरणारा. जुन्या कागदपत्रांतून शेतकरी घराण्याची वंशावळ जुळवू पाहणारा पहिल्या कुळाच्या शोधात निघतो आणि त्याच्या हाती दुसऱ्या कुळाची नोंद लागते. हे अंतर ध्यानात घेतल्यावाचून वर्धा जिल्ह्यातील आंजी (मोठी) सारख्या गावातील घराण्यांचा पूर्ववृत्तान्त विश्वसनीयपणे लिहिता येणार नाही.

प्रथम दप्तराची घडण पाहू. नागपूरकर भोसल्यांचे राज्य इ. स. १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांताची स्थापना झाली आणि १८६२ मध्ये वर्धा हा जिल्हा नागपुरापासून वेगळा करण्यात आला. त्या दशकातील बंदोबस्ताने सारावसुलीचे काम करणाऱ्या पाटलांना मालगुजार म्हणून गावाची मालकी दिली. मालगुजाराच्या खालोखाल मालिक मकबुजा, वंशपरंपरागत हक्काची कुळे आणि साधी कुळे अशी उतरंड होती. वर्धा नदीपलीकडे वऱ्हाडात मात्र रयतवारी पद्धत होती. सबब, आपण मूळचे नदीपलीकडचे असे जे घराणे सांगते, त्याचा माग अगदी निराळ्या धर्तीच्या कागदांत काढावा लागतो.

शिरगणतीविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो. मध्यप्रांताची पहिली शिरगणती १८६६ मध्ये, पुढची १८७२ मध्ये व त्यानंतर १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी झाली. परंतु तिच्या प्रसिद्ध ग्रंथांत आकडे असतात. माणसांची नावे नसतात. १९४८ च्या जनगणना अधिनियमाप्रमाणे मूळ नोंदी पाहण्यास खुल्या नाहीत आणि त्या पुरावा म्हणून सहसा ग्राह्यही धरल्या जात नाहीत. तरीही शिरगणती निरुपयोगी नव्हे. जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ मध्ये ४,००,८५४ होती, ती १९०१ मध्ये ३,८५,१०३ झाली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दुष्काळ या दशकातले. एखादे खाते याच काळात दप्तरातून नाहीसे झाले असेल, तर विक्रीबरोबरच मृत्यू आणि स्थलांतर या शक्यताही तपासल्या पाहिजेत.

नावे मिळतात ती जमाबंदी, खसरा आणि फेरफार यांत. तेथे भाषेची जाण उपयोगी पडते. ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘जौजे’ म्हणजे अमक्याची बायको, ‘बेवा’ म्हणजे विधवा, ‘साकिन’ म्हणजे राहणार. फार्सी अमदानीतून मराठी दप्तरात आलेले हे शब्द नात्याच्या खुणा होत. आडनाव पुष्कळदा नसते. असले तरी ‘पाटील’ हे आडनाव आहे की हुद्दा, हे ठरवावे लागते. शिवाय आजोबांचे नाव नातवास ठेवण्याचा प्रघात असल्याने ‘महादू वल्द गणू’ याच्या मागे ‘गणू वल्द महादू’ आणि त्याच्याही मागे पुन्हा ‘महादू’ उभा असतो. अशा वेळी नावावर विसंबून दोन पिढ्यांची एक किंवा एकीच्या दोन करण्याचा धोका फार. शेताचा क्रमांक, क्षेत्र आणि खात्याचा प्रकार ही तिन्ही जुळली तरच दुवा पक्का मानावा. गावाच्या नावापुढचे ‘मोठी’ हे विशेषणही गाळू नये. एका नावाची गावे अनेक असतात, आणि तेथेच नोंदींची गल्लत होते.

तथापि, दप्तर जमिनीचे आहे. ज्याच्या नावे खाते नाही तो धाकटा भाऊ, सालदार, मजूर आणि सासरी गेलेली लेक यांना त्यात स्थान नाही. स्त्री येते ती बहुधा पती वारल्यावर, ‘बेवा’ म्हणून. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर वारसाच्या फेरफारात मुलींची नावे येऊ लागली. तत्पूर्वीच्या काळासाठी कोतवालाचे जन्ममृत्यूचे पुस्तक हाच मोठा आधार. त्यात भूमिहीनांच्या घरचेही जन्म आणि मृत्यू नोंदले गेले. परंतु नोंद पुष्कळदा बारशापूर्वीची, म्हणून अमक्यास मुलगा झाला एवढेच कळते, मुलाचे नाव कळत नाही.

मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपुष्टात आली व १९५४-५५ च्या सुमारास अधिकार अभिलेख तयार झाले. मागे जाणाऱ्याने आजच्या सातबाऱ्यावरून प्रथम तेथवर पोहोचावे आणि मग एकेक पायरी उतरावी. दंतकथेतील मूळपुरुषापासून खाली येण्याचा मोह टाळावा.

हा प्रश्न केवळ कुलाभिमानाचा राहिलेला नाही. जातपडताळणीसाठी आज अनुसूचित जातींच्या कुटुंबांना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींच्या कुटुंबांना ६ सप्टेंबर १९५० आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचे पुरावे शोधावे लागतात. ज्यांच्याजवळ खाते होते त्यांना ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या साखळीसह सापडतात. ज्यांनी तीच जमीन मजुरीने कसली त्यांना कोतवालाच्या पुस्तकातील एखाद्या मोडी ओळीवर विसंबावे लागते. म्हणून अशा पुस्तकांचे जतन आणि मोडी वाचणाऱ्यांची तयारी यांस भूमिअभिलेखांच्या बरोबरीचे महत्त्व दिले पाहिजे. दप्तरात नाव नसणे हा वंश नसल्याचा पुरावा नव्हे. ते खाते नसल्याचे चिन्ह होय.