हत्तिणीपासून सुरू झालेली मैत्री

दोन देशांच्या मैत्रीची गोष्ट बहुधा करारापासून सुरू होते. मी मात्र आज एका हत्तिणीपासून सुरुवात करणार आहे.

१९४३ सालची गोष्ट. महायुद्ध पेटलेलं. बॉम्ब पडले तर जनावरं मोकाट सुटतील, या भीतीनं टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती सरकारी हुकमानं मारण्यात आले. युद्ध संपलं आणि तिथली मुलं हत्ती मागू लागली. त्यांची पत्रं पंडित नेहरूंपर्यंत पोचली. सप्टेंबर १९४९ मध्ये म्हैसूरकडची एक हत्तीण टोकियोत दाखल झाली. पंडितजींनी तिला आपल्या लेकीचं नाव दिलं होतं : इंदिरा.

तसा जपान आपल्याला परका नव्हता. ब्रिटिश बोट कंपन्यांची मक्तेदारी मोडण्यासाठी जमशेटजी टाटांनी निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीशी हातमिळवणी केली आणि १८९३ साली मुंबईचा कापूस जपानी बोटींतून कोबेकडे निघाला. पण तो व्यापार होता. हरलेल्या, जळून गेलेल्या देशाशी कसं वागायचं, हा प्रश्न वेगळा होता.

१९५१ साली सॅन फ्रान्सिस्कोत जपानशी शांतता करार झाला. भारत तिथे गेला नाही. त्या करारात जपानला बरोबरीचा मान नाही, परदेशी फौजा तिथेच राहणार, हा आपला आक्षेप होता. ९ जून १९५२ रोजी आपण वेगळा करार केला आणि युद्धाच्या नुकसानभरपाईवरचा हक्क सोडून दिला.

सहा वर्षांनी आपले दिवस फिरले. परकीय चलनाअभावी दुसरी पंचवार्षिक योजना अडली. १९५८ मध्ये जपाननं आपल्याला येनमध्ये कर्ज दिलं. अशा सवलतीच्या कर्जांची जपानची सुरुवातच आपल्यापासून झाली. त्यात त्यांचाही स्वार्थ होता. त्यांना यंत्रं विकायची होती. पण अडल्या वेळी आलेला पैसा माणूस विसरत नाही.

मग रुसवा आला तो १९९८ साली. पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर जपाननं नवी कर्जं थांबवली. हिरोशिमा सोसलेल्या देशाचा राग आपण समजून घ्यायला हवा होता. निर्बंध उठायला २००१ साल उजाडलं. २००६ मध्ये 'सामरिक आणि जागतिक भागीदारी' जाहीर झाली, २०१४ मध्ये तिच्यामागे 'विशेष' हा शब्द लागला, आणि २०१६ मध्ये त्याच जपाननं आपल्याशी नागरी अणुकरारावर सही केली.

कवितेच्या नादामुळे मला शब्द तोलून पाहायची खोड आहे. 'सामरिक' हा शब्द भारदस्त खरा, पण त्याला वजन येतं ते आधीच्या वागणुकीतून. रुसवा मिटवता आला, कारण गाठीशी १९४९, १९५२ आणि १९५८ ही सालं होती. करारावरची शाई नंतर वाळते, पत आधी कमवावी लागते.

इंदिरा हत्तीण १९८३ पर्यंत उएनोत जगली. तिनं कुठल्याच करारावर सही केली नव्हती.