अ‍ॅबिसिनिया मोहिमेचा खर्च

ब्रिटनने १८६७–६८ मध्ये अ‍ॅबिसिनियावर (आजचा इथिओपिया) केलेल्या स्वारीचा खर्च. परमुलखातील मोहिमेचा अंदाज कशामुळे फुगतो आणि खर्च कोणाच्या खाती पडतो, हे दोन्ही प्रश्न या स्वारीने ऐरणीवर आणले.

सम्राट दुसरा टेवोड्रोस याने ब्रिटिश वकिलासह काही युरोपीयांना कैदेत ठेवले होते. त्यांच्या सुटकेसाठी मुंबई सैन्याचे सरसेनापती सर रॉबर्ट नेपियर यांच्या हाताखाली सुमारे १३,००० सैनिक पाठवण्यात आले.

अंदाज व प्रत्यक्ष खर्च : नोव्हेंबर १८६७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने २० लाख पौंड मंजूर केले. एप्रिल १८६८ पर्यंत एकूण अंदाज ५० लाखांवर गेला आणि अखेरचा हिशेब ९० लाखांच्या घरात पोचला. पुढे पार्लमेंटच्या समितीने या खर्चाची चौकशी केली.

वाढीची कारणे : १३ एप्रिल १८६८ रोजी टेवोड्रोसचा मगदला किल्ला काही तासांत पडला, पैसा खर्ची पडला तो तिथवर पोचण्यात. सैन्य उतरले त्या झुला बंदरापासून किल्ला सुमारे ६४० किमी. दूर होता. किनाऱ्यावर धक्के बांधावे लागले, आत काही मैल लोहमार्ग टाकावा लागला. गोड्या पाण्याचा तुटवडा असल्याने समुद्राच्या पाण्याची वाफ करून ते गोडे करावे लागे. निरनिराळ्या देशांतून विकत आणलेली खेचरे तहानेने व रोगाने मेली, की नवी आणावी लागत. जड तोफा ओढण्यासाठी हिंदुस्थानातून ४४ हत्ती नेले होते. भाड्याची जहाजे, कोळसा, बाजारबुणगे आणि वैरण यांचा खर्च मोहीम लांबेल तसा वाढत गेला.

खर्चाची वाटणी : १८५८ च्या कायद्यानुसार सरहद्दीबाहेरील मोहिमेसाठी हिंदुस्थानचा महसूल वापरायला पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांची संमती लागे. ती मिळवून फौजेचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकण्यात आला. जादा खर्च ब्रिटनने सोसला. हा पगार एरवीही द्यावाच लागला असता, असा सरकारचा युक्तिवाद होता. दादाभाई नवरोजी यांनी नोव्हेंबर १८६७ मध्ये लंडनच्या ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे निबंध वाचून या वाटणीला विरोध केला. ब्रिटनच्या हिशेबातील ९० लाखांत हा पगार धरलेला नसल्याने मोहिमेचा खरा खर्च त्याहून अधिक ठरतो. सरहद्दीपलीकडील मोहिमांचा हा वाद मिटला नाही. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना गोपाळ कृष्ण गोखले यांनीही अशा भाराला हरकत घेतली.