बडोद्याचा ‘हिंदुस्तान’ आणि वाड्यातला जुना ट्रॅक्टर

बडोद्याच्या मराठी घरांचा इतिहास लिहायला घेतला की आपण दांडिया बाजार, रावपुरा, कलाभवन, संगीतशाळा आणि फिरती ग्रंथालये यांपाशी थांबतो. शेतीचा विषय सहसा निघत नाही. निघालाच तर ‘आमची पादऱ्याकडे जमीन होती’ या एका वाक्यात संपतो. जमीन होती हे खरे. पण ती आम्ही कसत होतो असे म्हणणे बहुतेक घरांच्या बाबतीत धाडसाचे होईल. पिलाजीराव आणि दमाजीराव गायकवाडांच्या मागून जे इकडे आले ते शिलेदार, कारकून, भिक्षुक. कुणाला इनाम मिळाले, कुणाला वतन. नांगर मात्र भागियाच्या हातात राहिला. आमच्याकडे यायचे ते धान्य, कापसाचे पैसे आणि वैशाखात आंब्याच्या करंड्या. गंमत अशी की, ज्यांच्या राज्यात हे सारे सुखाने चालले ते सयाजीराव महाराज स्वतः नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक आले होते.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि मुंबईचा कूळकायदा इकडेही लागू झाला. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवसापासून जमिनीवरची कुळे कायद्याने मालक मानली जाऊ लागली. जे पिढ्यान्‌पिढ्या राबले त्यांना जमीन मिळाली, यात अन्याय झाला असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या आजोबांच्या पिढीला ते पटले नव्हते, पण आजोबांनीही कधी चिखलात पाय घातला नव्हता. प्रश्न उरला तो शिल्लक राहिलेल्या दहा-पंधरा एकरांचा. ती जमीन यापुढे स्वतःच्या देखरेखीखाली कसणे भाग होते. नाहीतर तीही जाणार.

इथे ट्रॅक्टर आमच्या गोष्टीत येतो. बैलजोडी ठेवायची तर गावात राहायला हवे. बैलाला रविवार नसतो. त्याला रोज वैरण, रोज पाणी लागते, आजारपणही असतेच. सरकारी नोकरी, शाळामास्तरकी किंवा वकिली सांभाळून बडोद्यात राहणाऱ्याला ते जमणे शक्य नव्हते. ट्रॅक्टर मात्र काम नसेल तेव्हा काही खात नाही. शनिवारी संध्याकाळी पादरा, करजण किंवा डभोईकडे जायचे, रविवारी नांगरट उरकायची आणि सोमवारी कचेरीत हजर व्हायचे, ही सोय यंत्राने दिली. आमच्यापैकी ज्या थोड्या घरांत आज सातबाऱ्यावर नाव आहे, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी या रविवारच्या शेतीचा हात आहे असे आमचे मत आहे. बैलाची जागा इंजिनाने घेणे बडोद्याला तसे नवे नव्हतेच. डभोई ते मियागाम ही गायकवाडांची अरुंद रूळमार्गाची गाडी १८६२ मध्ये सुरू झाली तेव्हा ती बैलच ओढत. वाफेचे इंजिन नियमितपणे आले ते पुढे.

पण ट्रॅक्टर मिळायचा कुठून? १९५१ साली साऱ्या देशात सुमारे ८,५०० ट्रॅक्टर होते, १९६१ मध्ये सुमारे ३१,०००, आणि ते बहुतेक सगळे परदेशातून आलेले. आयशरचा पहिला देशी ट्रॅक्टर १९५९ मध्ये फरीदाबादला तयार झाला. १९६१-६२ या वर्षात देशभरात मिळून अवघे ८८० ट्रॅक्टर बनले. परकीय चलनाची टंचाई होती, म्हणून रुपयांत व्यवहार करणाऱ्या पूर्व युरोपातून माल येई: चेकोस्लोव्हाकियाचा झेटर, पोलंडचा उर्सुस, रशियाचा बेलारूस. नव्यासाठी नाव नोंदवून वाट पाहत बसायचे आणि तोवर जुना शोधायचा, असा तो काळ. आमच्या घरांनी पहिला ट्रॅक्टर घेतला तो बहुधा कुणाचा तरी वापरलेला.

याच काळात बडोद्यातच कारखाना उभा राहिला. विश्वामित्रीजवळच्या या कारखान्याची कंपनी १९५९ ची. चेकोस्लोव्हाकियाच्या मोटोकोव्ह या निर्यात संस्थेशी करार करून तिथे झेटरच्या धर्तीवर ‘हिंदुस्तान’ ट्रॅक्टर बनू लागला. पन्नास अश्वशक्तीचे ते धूड कानमच्या काळ्या जमिनीत सहज चाले. ही माती उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते आणि पावसात पायाला अशी चिकटते की जोडा तिथेच राहतो. वाफसा येण्याचे दिवस मोजके. तेवढ्यात काम उरकायचे तर अंगात ताकद हवी. कलाभवनाच्या परंपरेत शिकलेले फिटर, टर्नर गावात होतेच. त्यामुळे ट्रॅक्टर बिघडला तर तो उघडणारा माणूस हाकेच्या अंतरावर असे. पुढे कारखाना अडचणीत आला, १९७३ मध्ये व्यवस्थापन सरकारकडे गेले आणि १९७८ पासून तो ‘गुजरात ट्रॅक्टर कॉर्पोरेशन’ झाला. १९९९ मध्ये महिंद्राने तो घेतला आणि २०१७ मध्ये कंपनीचे नाव ‘ग्रोमॅक्स’ झाले. नावे इतकी बदलली, पण जुने लोक अजून ‘हिंदुस्तानवाले’ असेच म्हणतात.

१९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यात सयाजीरावांच्या आश्रयाने १९०८ मध्ये निघालेली आपली बँक ऑफ बडोदाही होती. शेतीकर्जाचे दार उघडले. पिंजोरला एच.एम.टी.ने पंचवीस अश्वशक्तीचा झेटर २५११ काढला, कांदिवलीहून महिंद्राचा बी-२७५ येत होता, मद्रासहून मॅसी फर्ग्युसन, फरीदाबादहून एस्कॉर्ट्‌स आणि फोर्ड. १९७४ मध्ये मोहालीचा स्वराज आला. त्याचे डिझाइन दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत झालेले, म्हणजे संपूर्ण देशी. आज आपल्या वाड्यांत, खळ्यांत किंवा गावच्या घराच्या पडवीत ताडपत्रीखाली जे जुने ट्रॅक्टर उभे आहेत ते याच कुळांतले.

आता मुख्य मुद्दा. आपल्यातली काही तरुण मुले अलीकडे गावची जमीन पुन्हा हातात घेत आहेत आणि नव्या ट्रॅक्टरची किंमत पाहून जुन्याकडे वळत आहेत. त्यांना मागच्या पिढीने काय पाहिले ते सांगणे आमचे काम आहे. जुना ट्रॅक्टर घेताना तो कोणत्या कंपनीचा याआधी तो आयुष्यभर कुठे राबला हे विचारायचे. शेतात चाललेल्या ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक झिजते. ओरसंगच्या रेतीवर किंवा वीटभट्टीवर चाललेल्याचा क्लच, ब्रेक आणि पुढचा ॲक्सल जातो. भाताच्या खाचरात चाललेल्याच्या मागच्या ॲक्सलची सीले चिखलाने खाल्लेली असतात. रंग तिघांचाही सारखाच नवा असतो, कारण विकायच्या आधी सगळेच रंगवतात. तासांचा मीटर बहुधा बंद असतो. चालू असला तरी त्याच्यावर विसंबू नये.

पाहायला सकाळी जावे, आणि विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे की आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावून बघायचे. गरम लागले तर काहीतरी झाकायचे आहे असे समजावे. गार इंजिन कसे उठते यातच निम्मी परीक्षा असते. धूर सुरुवातीला थोडा पांढरा येणारच, पण गरम झाल्यावरही निळसर येत राहिला तर ते ऑइल जाळते आहे, म्हणजे रिंगा-लायनरचे काम आले. वजन ओढताना काळा धूर ओकत असेल तर नोझल, पंप किंवा हवेचा फिल्टर पाहावा. ऑइलची पट्टी काढून बघावी: दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. इंजिन गार असतानाच रेडिएटरचे झाकण काढून ठेवावे आणि मग चालू करावे. बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट गेले. ब्रीदरमधून भकाभका वाफ येत असेल तर किंमत निम्म्यावर आणायला हरकत नाही.

हायड्रॉलिकला जड औत जोडून उचलायचे, इंजिन बंद करायचे आणि चहा घ्यायचा. चहा संपेपर्यंत औत जमिनीला टेकले असेल तर सिलिंडर किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे. पुढचे चाक जॅकवर उचलून दोन्ही हातांनी हलवावे. मागच्या टायरची भेग बघतो तसा रिमही बघावा. पकड वाढवण्यासाठी टायरमध्ये पाणी भरायची पद्धत आहे. त्या पाण्याने रिम आतून गंजतो आणि वरून पत्ता लागत नाही. व्हॉल्व्हच्या भोकाभोवती गंजाचा ओघळ असला तर तेच त्याचे चिन्ह.

सुट्या भागांचे सांगायला हवे, कारण इथे अनेकांची फसगत होते. हिंदुस्तान आणि एच.एम.टी. दोघेही झेटरच्या जातीचे, म्हणून एकाचे दुसऱ्याला बसेल असे दुकानदार ठामपणे सांगतो. भावंडे असली तरी जोडे एकाच मापाचे नसतात. जुना भाग काढून, पुसून, पिशवीत घालून दुकानात न्यावा आणि काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून मापावेत. हिंदुस्तानचे जुने भाग आता शोधावे लागतात, एच.एम.टी.चा ट्रॅक्टर कारखानाही बंद झाला. बी-२७५ आणि मॅसी यांचे भाग त्यामानाने सहज मिळतात. ज्याला भावनेपेक्षा काम महत्त्वाचे आहे त्याने हे लक्षात घ्यावे. ज्याला आजोबांचा हिंदुस्तानच चालवायचा आहे त्याने आधी चांगला लेथवाला शोधावा, मग बाकीचे.

सांभाळण्यात मोठे शास्त्र नाही, नेम आहे. आपल्याकडे मे महिन्यात नांगरट करताना जी धूळ उडते ती इंजिनाची खरी वैरी. जुन्या ट्रॅक्टरला हवेचा फिल्टर ऑइल-बाथ पद्धतीचा असतो. खालच्या वाटीतले ऑइल धूळ पकडते. उन्हाळ्यात ती वाटी रोज उघडून पाहावी. तळाशी गाळ जाड झाला की ऑइल बदलावे. एका मोसमाचा आळस आणि लायनर-पिस्टनचा खर्च यांचे नाते सरळ आहे. रेडिएटरला बोअरचे खारे पाणी घालू नये, आत क्षारांचा थर बसतो. मागच्या पिढीतले लोक पागोळ्यांचे पाणी पिंपात भरून खास ट्रॅक्टरसाठी ठेवत. डिझेल पिंपात असेल तर ते एक दिवस निवू द्यावे आणि तळाचे चार बोटे कधीच काढू नये, पाणी तिथेच असते. टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नये. झालीच तर नळीत हवा शिरते, मग डिझेल भरूनही इंजिन उठत नाही. फिल्टरचा वरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचे, फेस जाऊन स्वच्छ डिझेलची धार आली की आवळायचे. हे काम घरातल्या प्रत्येकाला यावे, मुलींनाही. मेस्त्रीची वाट बघत वाफसा थांबत नाही.

खंडेनवमीला आपल्या घरांत पूर्वी तलवार, कट्यार, बोरू-दौत यांची पूजा मांडली जाई; पुढे झेंडूची माळ ट्रॅक्टरच्या बॉनेटवरही चढली. गणपतीत तर तो मूर्तीचा रथच होतो. त्या दिवसाबद्दल एक सूचना मंडळाच्या कार्यकर्त्यांना: विसर्जन मिरवणुकीत पाच-सहा तास अर्ध्या क्लचवर ट्रॅक्टर सरकवत नेणे म्हणजे क्लच प्लेट जाळणे. सर्वात खालचा गिअर टाकून इंजिन सावकाश चालू द्यावे, थांबायचे तेव्हा गिअर काढून पाय पूर्ण उचलावा. लेझीम पथक चार पावले पुढे गेले तरी चालेल.

राहिला कागदांचा प्रश्न. इंजिन आणि चासी यांचे क्रमांक आर.सी. पुस्तकाशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावेत. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. ते झाले नसेल तर खर्च कुणाचा हे आधी ठरवावे. बाहेरून विकत घेतला तर फॉर्म २९ आणि ३०. पण आपल्या घरांत जास्त वेळा अडते ते निराळ्या ठिकाणी. ट्रॅक्टर अजून दिवंगत आजोबांच्या नावावर असतो. मुलगे तीन, एक इथे, एक पुण्याला, एक अमेरिकेत. वारसाने नाव लावायचे तर फॉर्म ३१ आहे, आणि सगळ्यांच्या सह्या मिळवायच्या तर त्या लग्नकार्यात सगळे जमतील तेव्हाच मागून घ्याव्यात. शिवाय पुस्तकात बँकेचा बोजा लिहिलेला राहून जातो. कर्जाचा शेवटचा हप्ता काकांनी केव्हाच भरलेला असतो, पावत्याही ट्रंकेत असतात, पण बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ देऊन तो बोजा कमी करून घ्यायचे कुणाला सुचलेले नसते. शाखा दुसरीकडे गेलेली असली तरी दाखला मिळतो, थोडे खेटे घालावे लागतात. हे काम दिवाळीच्या आधी उरकावे, कारण त्यानंतर रब्बीची घाई सुरू होते.