रामराज यांचे पुस्तक आणि आमची गच्ची

मैलापूरच्या आमच्या जुन्या घरावर 'मद्रास टेरेस' म्हणतात ती गच्ची आहे. सागवानी तुळया, त्यांवर चुन्यात तिरप्या रांगांनी उभ्या लावलेल्या पातळ विटा, मग विटांचे तुकडे आणि चुना यांचा जाड थर, सर्वांत वर चपट्या फरश्या. तो थर हिरडा व गुळाचे पाणी शिंपडत लाकडी थापीने कित्येक दिवस बडवावा लागतो. गळती थांबावी म्हणून एका ठेकेदाराने त्यावर सिमेंट ओतले. दुसऱ्या पावसाळ्यात (आपल्या जून-जुलैच्या नव्हे, इथल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या) तुळया काळ्या पडल्या. चुन्यात मुरलेले पाणी उन्हाने वाळून जाते, सिमेंटखाली ते कोंडते. शेवटी एका वयस्क कोत्तनारांनी, म्हणजे गवंड्यांनी, सिमेंट खरवडून पुन्हा चुना घातला. प्रमाण विचारले तर त्यांनी चुना मुठीत दाबून दाखवला. शब्दांत सांगणे त्यांना जमेना.

तेव्हा रामराज यांची आठवण झाली. जन्म 1790च्या सुमारास, भोसल्यांच्या तंजावरात. मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्ज कॉलेजात त्यांनी इंग्रजी शिकवले, पुढे बंगळूरला न्यायाधीश झाले. हिंदूंच्या वास्तुशास्त्रावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, 1834 साली, लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीतर्फे 48 चित्रपटांसह निघाला. मूळ संस्कृत शिल्पग्रंथांच्या आधारे या विषयावर इंग्रजीत लिहिणारे ते पहिलेच म्हणावे लागतील. आपल्या तंजावरशी त्यांचे नाते असूनही आपल्यात त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही, हे मला खटकते.

मानसार, मयमत, काश्यप यांच्या पोथ्या त्यांना तुटक व अशुद्ध मिळाल्या. त्याहून मोठी अडचण अशी, की पंडितांना संस्कृत कळे पण खांबाच्या भागांची नावे कळत नसत. कारागिरांना भाग ठाऊक, पण श्लोक लागत नसे. अखेर मूळच्या तंजावरच्याच एका शिल्प्याने ते पारिभाषिक शब्द उलगडायला त्यांना मदत केली. खांबाची उंची त्याच्या जाडीच्या सहा ते दहा पट, हा नियम मांडून त्यांनी ग्रीक-रोमन खांबांशी त्याची तुलनाही केली.

पुस्तक मुख्यतः देवळांविषयी आहे. घरांविषयी मूळ शिल्पग्रंथांत जे आहे ते मात्र आजच्या 'वास्तु'वाल्यांनी वाचावे असे आहे. आधी जमिनीची परीक्षा: खड्डा खणून तीच माती परत भरावी, माती उरली तर जमीन चांगली, कमी पडली तर वाईट. मग शंकू रोवून भोवती वर्तुळ काढायचे, सकाळी व दुपारनंतर सावलीचे टोक जिथे त्या वर्तुळाला टेकते ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. त्यानंतर 64 किंवा 81 पदांचा मंडल. आग्नेयेच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचायला इतके काम आहे. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटात ओटा हलवण्यासाठी पैसे मोजणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्यांना हे सांगितले, तर ते रागावले!

पोथी आणि हात एकत्र आणण्याचा प्रयत्न पुढे महाबलिपुरमला झाला. तिथे 1957 साली सरकारी शिल्पशाळा निघाली. पाथरवट आणि श्लोक एकाच आवारात आले. तिचे प्राचार्य राहिलेले व्ही. गणपती स्थपती यांनी कन्याकुमारीचा तिरुवळ्ळुवर पुतळा घडवला; 1 जानेवारी 2000 रोजी त्याचे अनावरण झाले. उंची 133 फूट, कारण तिरुक्कुरळचे अध्याय 133. स्थपती 2011 मध्ये वारले.

शिल्पशाळेत दगड शिकवतात, मंदिरे शिकवतात. चुन्याची गच्ची बडवणाऱ्यांची शाळा मला अजून सापडलेली नाही. आमचे कोत्तनार गुडघ्यांमुळे आता शिडी चढत नाहीत, आणि त्यांचा मुलगा रिक्षा चालवतो. आमच्या गच्चीचा दक्षिणेकडचा भाग अजून बाकी आहे. मंडळाच्या सभासदांपैकी कोणाच्या माहितीत चुन्याचे काम करणारे असतील, तर आरतीनंतर मला जरूर भेटावे. ऑक्टोबरच्या आत काम व्हायला हवे.