आपत्कालीन शुष्क अन्नसाठा, जपानमधील

भूकंप, दुष्काळ, ज्वालामुखीचे उद्रेक यांसारख्या आपत्तींत उपयोगी पडावेत म्हणून पाण्याचा अंश काढून टिकाऊ बनविलेल्या अन्नपदार्थांचा जपानमध्ये पूर्वापार करण्यात येणारा संचय. अन्न वाळविले असता ते टिकते, हे तत्त्व सर्वत्र परिचित आहे. तथापि वाळविताना काढून टाकलेले पाणी खाण्याच्या वेळी परत द्यावे लागते व बहुधा त्यासाठी अग्नीही लागतो. भूकंपानंतर नेमक्या याच दोन गोष्टी प्रथम दुर्मिळ होतात. जपानमधील साठवणीच्या इतिहासात ही अडचण पुनःपुन्हा उद्‌भवलेली दिसते.

या परंपरेतील सर्वांत जुना पदार्थ म्हणजे ‘होशिइ’, अर्थात वाफवून उन्हात वाळविलेला भात. कच्च्या तांदळातील पिष्ट शिजविल्यावाचून पचत नाही. होशिइ मात्र आधीच शिजलेला असल्याने आपल्याकडील पोह्यांप्रमाणे नुसत्या पाण्यात भिजवूनही खाता येतो. इ. स. ७१८ च्या सुमारास सिद्ध झालेल्या व ७५७ मध्ये अंमलात आलेल्या योरो संहितेत सरकारी कोठारांविषयी जे नियम होते, त्यांत भात व राळा यांसारखी धान्ये नऊ वर्षे, तर होशिइ वीस वर्षे ठेवण्याची मुदत दिली होती. संहितेचा हा भाग मूळ रूपात उपलब्ध नाही. तो इतर ग्रंथांतील अवतरणांवरून जुळविण्यात आला आहे. दुष्काळनिवारणासाठी प्रजेकडून धान्य गोळा करणारी ‘गिसो’ ही स्वतंत्र कोठारेही त्या काळी होती. होशिइ सैनिकांच्या व वाटसरूंच्या शिदोरीत असे. इसे मोनोगातारी या अभिजात ग्रंथात घराच्या आठवणीने व्याकुळ झालेल्या प्रवाशांच्या अश्रूंनी त्यांचा वाळलेला भात भिजून फुगला, असा प्रसंग आहे. काव्यातील अतिशयोक्ती सोडली, तरी या अन्नाला पाण्यावाचून गत्यंतर नाही, ही गोष्ट त्यातून सहज सूचित होते. ओसाका परिसरातील दोम्योजी या मठाच्या नावाने ओळखला जाणारा भरड होशिइ आज मुख्यतः मिठाईसाठी वापरला जातो.

एदो काळात (१६०३–१८६८) साठवणीचा प्रश्न पदार्थापेक्षा व्यवस्थेचा बनला. १७८२ पासून सु. सहा वर्षे चाललेल्या तेन्मेइ दुष्काळात ईशान्य जपानमध्ये भयंकर प्राणहानी झाली. थंड उन्हाळे व १७८३ मधील असामा ज्वालामुखीचा उद्रेक ही त्याची नैसर्गिक कारणे खरी. परंतु हिरोसाकी संस्थानाने पीक बुडण्याची चिन्हे असतानाही आपला तांदूळ एदो व ओसाका येथे विक्रीस पाठविला होता, हे विसरता येत नाही. कोठारे होती, ती रिकामी झाली होती. या अनुभवानंतर शोगुनचा प्रधान मात्सुदाइरा सादानोबू याने १७८९ मध्ये सर्व संस्थानिकांना दर दहा हजार कोकू उत्पन्नामागे ५० कोकू धान्य, याप्रमाणे पाच वर्षे साठा करण्याचा हुकूम दिला (एक कोकू म्हणजे सु. १८० लिटर). एदो शहरातही नागरी खर्चातील बचतीतून १७९२ मध्ये धान्यकोठार स्थापण्यात आले व पुढील दुष्काळांत ते उपयोगी पडले. योनेझावा संस्थानाने १८०२ मध्ये दुष्काळात खाण्याजोग्या सु. ८० वनस्पतींची माहिती देणारी काते-मोनो ही पुस्तिका छापून प्रजेत वाटली. अशा दूरदृष्टीच्या राज्यकर्त्यांची संख्या मात्र थोडीच होती.

१ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी बाराच्या सुमारास, घरोघर चुली पेटलेल्या असताना, कांतो प्रदेशात प्रचंड भूकंप झाला. त्यात व नंतरच्या आगींत सु. १,०५,००० लोक मृत वा बेपत्ता झाले. भूकंपाचा हा दिवस १९६० पासून ‘आपत्ती निवारण दिन’ म्हणून पाळला जातो. लष्करी शिध्यातील ‘कानपान’ हे कडक बिस्किट पुढे नागरी साठ्यातही रूढ झाले. त्याला ना पाणी लागते, ना अग्नी; पण कोरड्या तोंडाने ते गिळणे कठीण, म्हणून डब्यात साखरेचे खडे घालण्याची पद्धत पडली. साखरेने तोंडाला लाळ सुटते. दुसऱ्या महायुद्धात नौदलासाठी विकसित झालेला ‘अल्फा तांदूळ’ हा होशिइचाच यंत्रयुगातील अवतार होय. शिजलेला भात झपाट्याने वाळविल्यामुळे त्यातील पिष्ट पुन्हा घट्ट होत नाही. उकळत्या पाण्यात तो सु. १५ मिनिटांत, तर थंड पाण्यात सु. एका तासात तयार होतो आणि हवाबंद पाकिटात पाच वर्षे टिकतो.

आंदो मोमोफुकू (१९१०–२००७) यांनी १९५८ मध्ये ओसाकाजवळील इकेदा येथे झटपट नूडल्स तयार केले. शिजविलेल्या शेवया गरम तेलात तळल्या असता आतील पाणी वाफ होऊन निघून जाते व मागे राहिलेल्या सूक्ष्म छिद्रांतून गरम पाणी झटकन आत शिरते, ही त्यांची युक्ती. १९७१ मध्ये पेल्यातील नूडल्स आले. पुढच्याच वर्षी असामा-सान्सो येथील ओलीस प्रकरणाच्या वेळी बर्फात पहारा देणारे पोलीस ते खात असल्याची दृश्ये दूरचित्रवाणीवर दिसली व या पदार्थाचा बोलबाला झाला. तथापि दीर्घकालीन साठ्यासाठी ते आदर्श नव्हेत. पाणी नसले, तरी त्यांत तेल असते व हवेच्या संपर्काने ते खवट होते. जपानमध्ये त्यांची मुदत साधारणतः सहा ते आठ महिन्यांचीच असते.

१७ जानेवारी १९९५ च्या हान्शिन-आवाजी भूकंपात ६,४३४ लोक मृत्यू पावले, सु. १३ लक्ष घरांचे पाणी व ८ लक्षांहून अधिक घरांचा वायुपुरवठा बंद पडला आणि काही भागांत तो कित्येक आठवडे सुरू झाला नाही. कडाक्याच्या थंडीत उकळत्या पाण्याची गरज असलेले अन्न हाती असणे आणि ते खाता येणे यांतील अंतर तेव्हा उघड झाले. पेल्यातील नूडल्स थंड पाण्यातही सु. १५ मिनिटांत मऊ होतात, पण ते पाणी तरी हवे. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर घरगुती साठा किमान तीन दिवसांचा व शक्यतो आठवड्याचा असावा, असा आग्रह शासनाने धरला. टोकिओ महानगराने २०१३ पासून अंमलात आणलेल्या अध्यादेशात कर्मचाऱ्यांसाठी तीन दिवसांचे अन्नपाणी ठेवण्याचा प्रयत्न करावा, असे आस्थापनांना बजाविण्यात आले. पाच वर्षांची मुदत एकदमच संपून साठा फेकावा लागे. त्यावर उपाय म्हणून नित्याचे पदार्थ थोडे अधिक आणून जुने आधी खावे व खाल्ले तेवढे पुन्हा भरावे, ही फिरत्या साठ्याची पद्धत प्रचारात आली. अल्प मुदतीच्या नूडल्सनाही तिच्यात स्थान मिळाले. शासकीय सूचनांनुसार दरमाणशी दररोज तीन लिटर पाणी धरावे लागते. चौघांच्या कुटुंबाला आठवड्यासाठी ते ८४ लिटर होते आणि शहरातील लहान सदनिकेत वाळलेल्या अन्नापेक्षा त्यासाठीच जागा शोधावी लागते.