गुलचांदणी

दिवेलागणीच्या सुमारास कुंपणावरील लांबट कळी पाहता पाहता उलगडते, तळहातापेक्षा रुंद असे शुभ्र फूल रात्रभर दरवळते आणि सकाळचे ऊन चढताच मिटून जाते. ही गुलचांदणी. बागेतून निसटून ती ओढ्याकाठी इतकी रुळली आहे की, तिला परकी म्हणण्यास मन धजत नाही. परंतु तिचे माहेर उष्ण कटिबंधातील अमेरिका होय.

मलबारमधील डच सत्तेचा प्रमुख हेंड्रिक फान रेडे याने सिद्ध केलेला ‘होर्टुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ 1678 ते 1693 या काळात आम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. त्याच्या अकराव्या खंडात ही वेल ‘मुंडवल्ली’ या नावाने आढळते. स्थानिक नाव मिळण्याइतकी ती तोवर तेथे स्थिरावली होती. पुढे 1753 साली लिनियसने तिला शास्त्रीय नाव दिले ते याच नोंदीवरून, आणि तिचे वसतिस्थान म्हणून मलबारच लिहिले. पाहुणी अशा रीतीने घरची ठरली.

त्या ग्रंथाचा एक विशेष मात्र विसरता येत नाही. माहिती पुरविणाऱ्या इट्टी अच्युतन वैद्यांचे, तसेच रंग भट, विनायक पंडित व आप्पू भट या तिघा कोंकणी ब्राह्मणांचे नाव त्याने जपले. त्या तिघांची 1675 सालची कोंकणी साक्ष नागरी अक्षरांत पहिल्या खंडात छापलेली आहे.

वेलीच्या माहेरी मात्र ज्ञान उरले आणि ज्ञाते हरपले. कास्टिला वृक्षाचा चीक नुसता वाळविला तर ठिसूळ होतो. त्यात या वेलीचा रस मिसळला की लवचिक रबर तयार होते. मेक्सिकोच्या व्हेराक्रुझ प्रांतात एल मानाती येथील पाणथळ चिखलात रबरी चेंडू सापडले. त्यांपैकी सर्वांत जुने इ. स. पू. 1600 च्या सुमाराचे आहेत. 1999 साली अमेरिकन संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी या मिश्रणाचा गुण पडताळून दाखविला. रबराला टिकाऊपणा देणारी गंधकाची प्रक्रिया चार्ल्स गुडइयरला साधली ती 1839 साली. त्याचे नाव जगाच्या तोंडी आहे. चेंडू घडविणाऱ्या एकाही कारागिराचे नाव कोणी लिहून ठेवलेले नाही.

वेलीला आधार मिळाला की ती कोठेही रुजते. माणसाच्या विद्येला मात्र, ती कोणाची हे सांगणारी एखादी ओळ लागते.