खून, दरोड्याचा तपास : पोलिसांत कोणाचं काम काय?

गावात गंभीर गुन्हा घडला की कोणाकडे जायचं, हेच अनेकांना कळत नाही. तातडीची मदत हवी असेल तर ११२ लावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्यानुसार पुढची कामं अशी :

ठाणे अंमलदार : फिर्याद घेणं. 'आमची हद्द नाही' म्हणून परत पाठवता येत नाही. झिरो एफआयआर नोंदवावाच लागतो. एफआयआरची प्रत मोफत मिळते, मागून घ्या.

तपास अधिकारी : पंचनामा, जबाब, मुद्देमाल जप्ती, अटक. महिला, १५ वर्षांखालील मुलगा किंवा ६० वर्षांवरील पुरुष साक्षीदार असेल तर त्याला जबाबासाठी ठाण्यात यायची सक्ती नाही, घरीच जबाब घ्यायचा. साक्षीदाराने जबाबावर सही करायची नसते. आरोपीला अटकेपासून २४ तासांत (प्रवासाचा वेळ वगळून) न्यायालयापुढे हजर करावं लागतं.

फॉरेन्सिक पथक : ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळावरचे पुरावे गोळा करणं. म्हणून पोलीस येईपर्यंत तिथं गर्दी करू नका, कशाला हात लावू नका, फोटो व्हायरल करू नका.

पोलीस अधीक्षक : ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर यांना लेखी तक्रार पोस्टाने पाठवा. पोचपावती जपून ठेवा. तिथंही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

९० दिवस लक्षात ठेवा : तपास कुठवर आला, हे तेवढ्या काळात फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. खुनासारख्या गुन्ह्यात अटक आरोपीविरुद्ध ९० दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो.